भुंड्याची राखण

महिपती, गाडीची चावी खाली ठेव. ठेव म्हणते ना! बारवेच्या वाटेनं जाऊन पेट्रोल आणतो म्हणे, अर्धा तास वाचतो म्हणे. काय करणार आहेस रे तू त्या अर्ध्या तासाचं? पेट्रोल उद्या उजाडल्यावर आण. आता बस इथं शेकोटीपाशी. सारिका, तूही ये गं. तुझ्या नवऱ्याला एकट्याला सांगून उपयोग नाही, त्याच्या डोक्यात काही राहत नाही. भांडी सकाळी घासू. सगळ्यांनी जवळ सरका आणि ऐका.

हसू नकोस. "काकी, भूतबीत काही नसतं," हेच म्हणणार ना तू? नसेल. मी कुठं भूत म्हटलं? काय झालं तेवढं मी सांगते. त्याला नाव तू ठेव.

पंचवीस वर्षं झाली. तेव्हा आपलं हे सिमेंटचं घर नव्हतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं ते पावसाच्या तोंडावर परत. सारिका, तू शेतकऱ्याच्या घरची, तुला ठाऊक नसेल. ज्याच्या रानात बसायचं त्या रानात जाळी ठोकायची, मेंढरं आत, बाहेर आमची चूल, घोड्या आणि कुत्री. त्याला आम्ही वाडा म्हणतो. आज इथं वाडा, परवा तिथं. आणि वाड्याचा सगळा जीव कुत्र्यावर. माणूस झोपतो. कुत्रा झोपत नाही.

माझा कुत्रा होता भुंड्या.

माझा म्हणजे खरोखर माझाच. चौदाव्या वर्षी मी या घरात आले. त्याच महिन्यात सासूनं एक पिल्लू माझ्या ओटीत टाकलं. म्हणाली, "हे तुझं. ह्याला भाकर तू घालायची. दुसऱ्या कुणी न्हाय." आपल्यात तसंच असतं. कुत्र्याला एकाच हातची भाकर. मी तेव्हा रोज रात्री आईच्या आठवणीनं रडायचे आणि ते पिल्लू माझ्या काखेत तोंड घालून कुंईकुंई करायचं. दोघं मिळून रडायचो. सहा महिन्यांचा झाला तेव्हा लांडग्यानं त्याचं शेपूट नेलं. बोटभर बुडखा राहिला. म्हणून भुंड्या. आनंद झाला की बिचारा अख्खी कंबर हलवायचा. हलवायला दुसरं काही नव्हतंच ना!

काय कुत्रा होता! इतर कुत्री नुसती भुंकतात. हा मेंढरं वळवायचा. चुकार मेंढी बाजूला निघाली की हा आवाज न करता तिच्या अंगाला अंग घासत पुढं जायचा, आडवा व्हायचा आणि तिला कळायच्या आत कळपात आणून सोडायचा. भुंकायचा नाही, चावायचा नाही. नुसतं अंग लावायचा.

तेरा वर्षं त्यानं राखण केली. मग म्हातारा झाला. त्या साली खडकीच्या माळाला वाडा पडला होता. हीच ती खडकी, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, बारवेच्या पलीकडची. दुपारी मी भाकर घेऊन गेले तर घोडीच्या खोगिराच्या सावलीत पडलेला. भाकर हुंगली. खाल्ली नाही. माझ्या हातावर हनुवटी ठेवली, आणि तशीच राहिली.

बरं. रडायचं नाही, पुढं ऐका.

आपल्यात कुत्रा गेला की एक करायचं असतं. हल्ली कुणी करत नाही, हल्ली पोत्यात घालून फेकून येता तुम्ही. दिवस मावळायच्या आत त्याला पुरायचं. आणि जिच्या हातची भाकर त्यानं खाल्ली तिनं अर्धी भाकर खड्ड्यावर ठेवून मोठ्यानं सांगायचं, "खाल्लंस, राखलंस. आता राखण सरली. जा, मोकळा हो." एवढंच. पण मोठ्यानं. त्याला ऐकू जाईल असं. कारण राखणदार आहे तो. त्याला कुणी सांगितल्याशिवाय तो जागा सोडत नाही. सासू म्हणायची, "आणि राखणीची जागा मोकळी केली न्हाय ना सुंदरा, तर तो बिचारा जातो, पण जागा तशीच उघडी ऱ्हाते. मग त्या जागेवर भलतंच कुणीतरी येऊन बसतं."

मालकांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, आणि सासऱ्यांनी बारवेपुढच्या हिवराच्या झाडाखाली खड्डा घेतला. हिवर म्हणजे तिथं एकटंच झाड, वरून सपाट, लांबून छत्रीसारखं दिसतं. भुंड्याला ठेवला. माती लोटली. वर दगड रचले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आणि मी बोलले नाही.

हो! नाही बोलले! काय बघता असं? तेरा वर्षं जो माझ्या पायाशी झोपला त्याला मी माझ्या तोंडानं म्हणू, जा? मी पदराआड तोंड केलं, ओठ हलवले, पुटपुटल्यासारखं केलं. भाकर ओटीत तशीच ठेवली. सगळ्यांना वाटलं बोलली. मालक म्हणाले, "चला." आणि आम्ही आलो.

मला वाटलं, राहू दे. राहीना का इथंच. माझ्याजवळ.

रात्र झाली. अमावास्येला दोन दिवस होते, अंधार असा की आपला हात आपल्याला दिसेना. जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे वाडा हलायचा होता, म्हणून सगळे लवकर आडवे झाले. मी पण झाले. आणि मला कसलं तरी वेगळंच वाटायला लागलं. काय वेगळं? तर आवाज नव्हता. मेंढरं रवंथ करतात, शिंकतात, कुठं घुंगरू वाजतं. काही नाही. मी उठून जाळीपाशी गेले.

दीडशे मेंढरं उभी होती. सगळी. एकही बसलेली नाही. एकमेकांना चिकटून, मधोमध, घट्ट गोळा करून. तोंडं बाहेर. आणि तोंडं हळूहळू वळत होती. सगळ्यांची एकदम. आधी माळाकडं, मग ओढ्याकडं, मग चुलीकडं, मग परत माळाकडं. जाळीच्या बाहेरून कुणीतरी फेरी मारतंय आणि ती त्याच्याकडं बघतायत, अशी. मी जिथं उभी होते तिथूनही ते गेलं असणार. मला काही दिसलं नाही. आमची दोन तरणी कुत्री घोडीच्या पोटाखाली शिरून थरथरत होती.

सासू जागी होती. अंधारातून म्हणाली, "सुंदरा, खड्ड्यावर बोललीस न्हवं?"

"बोलले की."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

तिनं घोंगडी अंगावर ओढली. पण लगेच झोपली नाही, मला श्वास कळत होता तिचा.

आता सांगा, काय करणार होते मी? पहाटे वाडा हलणार. एकदा तिथून हललो की त्या खड्ड्याशी परत कोण जातंय? आणि जे फेरी मारत होतं ते मेंढरांबरोबर पुढच्या रानात आलं तर? पुढच्या महिन्यात आलं तर? मी ओटी चाचपली. अर्धी भाकर होती. सासूचा डोळा लागेपर्यंत दम धरला, मालकांची बॅटरी घेतली आणि निघाले.

नाही उठवलं मालकांना. काय सांगणार होते, खोटं बोलले म्हणून?

वाड्यापासून हिवर म्हणजे विडी ओढून संपेल एवढं अंतर. वाट बारवेच्या डाव्या अंगानं जाते. बॅटरी दहा पावलं चालली आणि विझली. ठोकली, हलवली. गेली ती गेलीच. पण आभाळात चांदण्या होत्या आणि त्यावर हिवराची काळी छत्री दिसत होती. म्हटलं, तेवढं बास. तिकडंच बघत चालायचं.

आणि मग माझ्या गुडघ्याला काहीतरी घासलं.

उबदार. केसाळ. डाव्या गुडघ्याला, जिथं तो नेहमी चालायचा तिथं.

खरं सांगू? मी घाबरले नाही. तुम्ही घाबरला असता. मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की माझ्या तोंडून हाक गेली, "भुंड्या!" तेच चुकलं. तिथंच चुकलं. हाक मारली म्हणजे मीच त्या भलत्याला भुंड्याच्या जागेवर बसवलं. पण तेव्हा एवढी अक्कल कुठली? ते माझ्या अंगाला अंग लावून चाललं आणि मी चालले. मी त्याच्याशी बोलत होते. बाई, काय काय बोलत होते! थंडी वाजते का, भूक लागली का. भाकरीचं विसरले. कशाला आले तेही विसरले. नुसतं चालत होते, आणि ते मला हळूच, हळूच डावीकडून उजवीकडं दाबत होतं.

मी हात खाली नेला. पाठ लागली. पाठीवरून हात मागं नेला.

माझ्या मनगटाभोवती शेपूट गुंडाळलं गेलं.

शेपूट! लांब, थंड, दोरखंडासारखं! भुंड्याला शेपूट कुठलं?

हात हिसडून घेतला मी. मान वर करून बघते तर हिवर समोर नव्हतं. पाठीमागं होतं. लांब. मी कुठल्या कुठं आले होते.

"काकी, शेपूट म्हणजे साप असंल." गप रे महिपती! सापाला केस असतात का? ऐक.

मी वळले आणि हिवराकडं चालायला लागले. चार पावलं गेले नाही तोच ते आडवं आलं. गुडघ्यावर दाबलं. मी डावीकडून गेले, ते डावीकडं. उजवीकडून गेले, ते उजवीकडं. म्हटलं वाड्याकडं पळावं. वळले, तर तिकडूनही आडवं. आवाज नाही. भुंकणं नाही. नुसतं अंग लावायचं, आणि दर वेळी जास्त जड. आधी कुत्र्याएवढं होतं. मग वासराएवढं. मग माझ्या कमरेला लागायला लागलं. आणि मला कळलं, बायांनो. मला कळलं हे काय चाललंय. ते मला वळवत होतं. चुकार मेंढीला वळवतात तसं. भुंड्याचं सगळं कसब घेऊन ते मला वळवत होतं, आणि एकच बाजू मोकळी ठेवत होतं.

मी त्या बाजूला पळत होते की! मेंढी पळते तशीच. आणि पायाखालचा दगड सुटला. गडगडला. मग काहीच नाही. मग, खूप वेळानं, खालून डुबुक्.

बारव!

माझा एक पाय काठावर होता आणि एक नुसता हवेत. पडलेल्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होते मी. आणि खालून, पाण्याजवळून, आवाज आला. कुंईकुंई. पिल्लाचा. काखेत तोंड घालून रडायचा ना, तो आवाज. मी काठावर, आणि खालून माझं चौदाव्या वर्षीचं पिल्लू रडतंय. मागून कमरेला ते दाबतंय. हळू. अजून हळू. घाई नव्हती त्याला.

मी खाली बसले.

कशाला म्हणजे? अक्कल चालली म्हणून नाही. पाय गेले म्हणून. पण बसले आणि ते थांबलं. आणि मग मला आठवलं. भुंड्यानं कधी हार मानली असेल तर ती बसलेल्या मेंढीपुढं. उभ्या मेंढीला तो कुठंही न्यायचा. पण आमची एक तांबडी मेंढी होती, महा हट्टी. हा आला की फतकल मारून बसायची. हा अंग लावून लावून दमायचा. बसलेल्याला वळवायचं कसं? शेवटी माझ्याकडं बघून रडकं तोंड करायचा.

म्हटलं सुंदरा, आता उठायचं नाही. काही झालं तरी उठायचं नाही.

आणि मी बसल्या बसल्या निघाले. हो, ढुंगणावर! हसा, हसून घ्या. हात मागं टेकायचे, बूड उचलायचं, फूटभर सरकायचं. परत हात टेकायचे. खाली कुसळं, खडे, सराटे. लुगडं फाटलं, कातडं सोललं. हिवराकडं पाठ करून सरकत होते. जिकडं ते जाऊ देत नव्हतं तिकडंच जायचं, एवढं कळलं होतं. त्याला मी तिथं पोचायला नको होते. मी बोलले की त्याची जागा जाणार होती.

ते माझ्याभोवती फिरायला लागलं. जोरात. वारा लागायचा त्याचा. मग कानाशी आलं. श्वास टाकायला लागलं. त्या श्वासाला वास नव्हता. कुत्र्याच्या तोंडाला वास असतो, माणसाच्या असतो. त्याला कशाचाच नव्हता. पदराचं टोक ओढलं. केस ओढले. मी शिव्या दिल्या. येतील तेवढ्या दिल्या, सासूच्या तोंडच्या सुद्धा दिल्या. आणि सरकत राहिले.

किती वेळ, ठाऊक नाही. पाठीला दगड लागले. खड्ड्यावरचे दगड.

मी भाकर काढली. चुरा झाला होता. दगडावर ठेवली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात समोरून हाक आली.

"सुंदरा."

सासूचा आवाज. हुबेहूब. अंधारात समोर उभी असल्यासारखा.

"सुंदरा, नको बोलू गं. कशाला घालवतीस त्याला? तुझं दुसरं हाय कोण? राहू दे त्याला. रोज रातच्याला यील तो. तुझ्या पायाशी झोपंल."

हेच. हेच तर मला पाहिजे होतं! आत्तापर्यंत ओढलं, दाबलं ते मी सोसलं, चावलं असतं तरी सोसलं असतं. पण हे ऐकलं आणि माझं तोंड मिटलं. बायांनो, मी तिथं किती वेळ बसले ते मला आजही सांगता येत नाही. भीती पार गेली होती. माझ्याच मनातलं ते मला परत सांगत होतं, तेही मायेनं.

मग मी दगडावर हात ठेवला. गार होते दगड. दुपारी हनुवटी माझ्या हातावर ठेवली होती त्यानं, तिचा भार मला आठवला. तेरा वर्षं तो एक रात्र नीट झोपला नव्हता. थंडीत नाही, पावसात नाही. आणि मी त्याला अजून जागवायला निघाले होते. माझ्यासाठी.

मी ओरडले. माळ दणाणला असेल. "भुंड्या! खाल्लंस, राखलंस! आता राखण सरली! जा माझ्या बाळा, मोकळा हो!"

काही झालं नाही.

वीज पडली नाही, किंकाळी आली नाही. नुसतं समोरचं जे होतं ते नव्हतं. खोलीतून माणूस उठून गेल्यावर कसं कळतं, तसं कळलं. आणि मग लांबून वाड्याकडून घुंगरं वाजली. एक, दोन, मग सगळी. मेंढरं खाली बसत होती. मी तिथंच दगडांना टेकून रडले, आणि रडता रडता झोपले.

उजाडताना वाड्यावर पोचले. मालक घोड्या लादत होते. त्यांनी विचारलं कुठं गेलतीस, म्हटलं ओढ्याला. सासूनं मला पुढून बघितलं, मागून बघितलं. मागून बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं लुगड्याचं. स्वतःच्या गाठोड्यातलं नवं लुगडं काढलं, माझ्या अंगावर टाकलं. म्हणाली, "नेस. उशीर होतोय." आणि वाडा हलला.

जाताना बारवेजवळून गेलो. मालक थांबले. काठाच्या मातीत पावलं उठली होती. बाईची, अनवाणी. बारवेला गोल गोल. एकावर एक. मालकांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मला तर वाटत होतं मी सरळ चालतेय! आणि माझ्या पावलांशेजारी दुसरं पाऊल नव्हतं. एकही नाही. मालक सासऱ्यांना म्हणाले, "कोण बाई रात्रभर इथं फिरली असंल?" सासू पुढून ओरडली, "चला म्हणते ना!"

तर महिपती, तुला त्या वाटेला जायचं नाही. अंधार पडल्यावर तर नाहीच. तुझी गाडी, तुझा दिवा, काही कामाचं नाही. तू म्हणशील, काकी, तुझा कुत्रा तर मोकळा झाला, आता तिथं काय आहे? बाबा, तो मोकळा झाला. जे आलं होतं ते कुठून आलं आणि कुठं गेलं, ते मला कुठं ठाऊक आहे? दुसऱ्या कुणाची जागा उघडी सापडली की ते येईलच. आणि प्रत्येकाचं काही ना काही असतं की, ज्याला जा म्हणवलं नाही. तुझी आई गेली तेव्हा तू दवाखान्यात बाहेर बसून होतास, आत गेला नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून तुला सांगते.

चावी दे इकडं. माझ्या उशाखाली ठेवते.

आणि मी घाबरते म्हणून ती वाट टाळते, असं समजू नका कुणी. पंचवीस वर्षांत त्या माळावरून जायची वेळ आली की मी दिवसाढवळ्या चार माणसं बरोबर घेऊन जाते. कारण एकटी असले आणि दिवस मावळला, तर मला अजूनही तिकडं जावंसं वाटतं.